वेशीबाहेरची शिल्पे कोण घडवणार?

धर्मग्रामाची सहल, युवकमंडळाची सहल किंवा धर्मशिक्षणवर्गातील मुलांची सहल कुठे न्यावी, असा विषय निघाला की पश्चिम महाराष्ट्रात आता एक नाव हमखास पुढे येते: कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. नाव निघताच आपल्यात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘तो मठ आहे, तिथे देवदेवतांच्या मूर्ती आहेत; ख्रिस्ती माणसाने तिकडे पाऊल टाकू नये.’ दुसरा तट म्हणतो, ‘अहो, काय सुंदर खेडे उभे केले आहे! जुने लोक किती गुण्यागोविंदाने नांदत होते, हे आपल्या मुलांनी पाहायलाच हवे.’

प्रस्तुत लेखकाचे ह्या दोन्ही तटांशी भांडण आहे. पहिल्याशी थोडे, दुसऱ्याशी फार. आणि ह्या भांडणाच्या ओघात आपल्या स्वतःच्या मंदिरांतील पुतळ्यांविषयीही दोन अप्रिय शब्द बोलावे लागणार आहेत. वाचकांनी ते सोसून घ्यावेत, ही विनंती.

कणेरीला काय आहे?

कोल्हापूरहून दहा-बारा किलोमीटरवर, पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गालगत, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात कणेरी हे गाव आहे. तेथील काडसिद्धेश्वरांचा मठ जुना. त्याची परंपरा कित्येक शतकांची सांगितली जाते. मठाचे विद्यमान अधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी ह्यांच्या कल्पनेतून २००७ च्या सुमारास हे शिल्पांचे गाव उभे राहिले. सुमारे सात एकरांच्या परिसरात ऐंशी प्रसंग आणि तीनशे पुतळे, अशी त्याची ओळख सांगितली जाते. पुतळे सिमेंटचे, माणसाच्या उंचीचे आणि रंगविलेले आहेत. कुठे शेतकरी बैलांनिशी शेतात राबतो आहे, कुठे कुंभार चाकावर बसला आहे, लोहाराचा भाता आणि सुताराचा वाकस दिसतो आहे, बाया दळण-कांडणात गुंतल्या आहेत, न्हावी गिऱ्हाइकाची हजामत करतो आहे. बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार ह्यांच्या देवघेवीवर चालणारा गावगाडा डोळ्यांपुढे उभा करावा, हा त्यामागचा हेतू आहे. त्याच आवारात पतंजली, कणाद, चरक, सुश्रुत, वराहमिहिर अशा प्राचीन ऋषींचे व शास्त्रकारांचे पुतळेही आहेत.

कारागिरी वाखाणण्याजोगी आहे, ह्यात संशय नाही. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हातापायांच्या शिरा, पागोट्याचे पेच, बैलाच्या वशिंडाची घडण अशी काही साधली आहे, की पुतळा आहे की माणूस, असा क्षणभर संभ्रम पडावा. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नव्हे. बाबूराव पेंटरांच्या ह्या नगरीत मूर्तिकाराच्या हाताला पिढ्यान् पिढ्यांचा सराव आहे. नांगर, मोट, जाते, उखळ ह्या वस्तू ज्या मुलांनी पुस्तकातील चित्रांपलीकडे कधी पाहिल्या नाहीत, त्यांना त्या कशा चालत हे इथे कळते. मठाचे रुग्णालय आहे, गोशाळा आहे, गुरुकुल आहे, सेंद्रिय शेतीचे प्रयोग आहेत. ह्या सर्वांचे मोल मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

भिणाऱ्यांना थोडेसे

जाऊच नये, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यास फार शाई लागत नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा प्रसृत केला. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा झिडकारीत नाही, अशी त्या जाहीरनाम्याची भूमिका आहे. त्याला साठ वर्षे होऊन गेली. तरी शेजाऱ्याच्या मठाच्या फाटकातून आत गेल्याने आपला बाप्तिस्मा पुसला जाईल, अशी धास्ती कोणाला वाटत असेल, तर त्याने मठाची काळजी सोडून आपल्या श्रद्धेच्या मुळांची काळजी करावी.

शिवाय मूर्तींचा बाऊ आपण कॅथलिकांनी करावा, हे शोभतही नाही. मूर्तीला दिलेला मान त्या मूर्तीने दर्शविलेल्या व्यक्तीला पोचतो, हे तत्त्व इसवी सन ७८७ मध्ये निसेआच्या दुसऱ्या परिषदेने मूर्तिभंजकांच्या विरोधात ठामपणे मांडले, तेव्हापासून आपली मंदिरे पुतळ्यांनी भरलेली आहेत. पूर्णाकृती पुतळ्यांतून प्रसंग उभे करण्याची कल्पनाही आपल्याला परकी नाही. उत्तर इटलीतील व्हारालो येथील ‘साक्रो मोंते’, म्हणजे पवित्र डोंगर, पंधराव्या शतकाच्या अखेरीस बेर्नार्दिनो काइमी ह्या फ्रान्सिस्कन संन्याशाने आरंभिला. ज्यांना यरुशलेमची यात्रा घडणे शक्य नव्हते, त्यांना प्रभूचे जीवन जवळून पाहता यावे, म्हणून डोंगरावर चाळीसहून अधिक कपेले बांधली गेली आणि त्यांत लाकडाचे व भाजलेल्या मातीचे शेकडो पुतळे बसविले गेले. आज तो डोंगर आणि तशीच अन्य आठ स्थाने युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. कणेरीचे गाव आणि व्हारालोचा डोंगर ही एकाच जातीची निर्मिती आहे: जे दूर गेले त्याचे दर्शन घडविणारी.

तेव्हा जावे, अवश्य जावे. प्रश्न आहे तो तिथून काय घेऊन परत यावे हा.

भुलणाऱ्यांशी खरे भांडण

मोगलांच्या आक्रमणापूर्वीचे स्वयंपूर्ण, एकोप्याचे, सुखी खेडे दाखविणारे संग्रहालय, अशी कणेरीची ओळख सांगितली जाते. महात्मा गांधींच्या स्वप्नातील खेडे म्हणूनही त्याचा गौरव होतो. लेखकाचा आक्षेप ह्या ओळखीला आहे. गाव एकोप्याचे दाखवायचे, असा हेतू एकदा ठरला, की त्या हेतूत गावकुसाची भिंत बसत नाही. सिमेंटच्या पुतळ्यातून कसब दाखविता येते. पण दोन माणसांमध्ये पाळले जाणारे अंतर दाखवायचे, तर ते दाखविण्याचा निश्चय आधी करावा लागतो. विहीर घडविणे सोपे आहे. त्या विहिरीपासून चार हात लांब, रिकामी घागर घेऊन, कोणीतरी वरून पाणी ओतील म्हणून ताटकळलेली बाई घडवायची, तर संबंध गावाची कथाच बदलते.

आक्रमणापूर्वीचे म्हणजे नेमके केव्हाचे? बाबराने पानिपत जिंकले ते १५२६ साली, आणि मोगलांच्या फौजा दक्षिणेत शिरल्या त्या त्याच्याही पुष्कळ नंतर. आता संत चोखामेळ्याचे स्मरण करा. मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या वेठीच्या कामावर असताना ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले, ते १३३८ साली, असे परंपरा सांगते. म्हणजे पानिपताच्या जवळजवळ दोन शतके आधी महाराष्ट्रातील एक थोर भक्त ज्या भिंतीच्या आत राहण्याचा त्याला हक्क नव्हता, तीच भिंत बांधताना तिच्याखाली चिरडला गेला. त्याची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, दाराबाहेर. ते दार त्याच्या जातिबांधवांना उघडले १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यानंतर. ह्यात कोणत्या मोगलाचा हात होता?

गावातील सारे दुःख बाहेरून कोणीतरी आणले, हा समज फार सोयीचा असतो. तो बाळगला की आपल्या अंगणातला केर दिसत नाही. आपण ख्रिस्ती लोकांनी तर ह्या समजापासून अधिकच सावध असावे, कारण ‘बाहेरून आलेले’ हा शिक्का आपल्याही कपाळावर मारला जातो. गंमत अशी की, बलुतेदारांच्या जुन्या याद्या गावोगावी थोड्या वेगळ्या असल्या, तरी त्यांतल्या अनेकींत मुलाणी आहे. ज्या गावगाड्याला आपण आक्रमणापूर्वीचा म्हणून मिरवतो, त्याच्या बाराजणांत मुसलमान बसलेला आहे. गाव कधीच इतके सोवळे नव्हते.

बलुत्याचेही तेच. धान्याच्या राशीतून प्रत्येकाला वाटा मिळे, कोणी उपाशी राहत नसे, असे आपण कौतुकाने सांगतो. पण ज्यांना ते बलुते मिळत होते, त्यांनीच ‘हे आम्हांला नको’ असे का म्हटले, हा प्रश्न सहलीतील एकही मूल विचारीत नाही, कारण आपण त्याला तो विचारायला शिकवीत नाही. महार वतन म्हणजे तुकडाभर जमिनीच्या आणि शिळ्यापाक्या भाकरीच्या मोबदल्यात पिढ्यान् पिढ्या दिवसरात्र राबण्याची बांधिलकी. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात ह्या वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले, ते ह्या जोखडातून आपल्या माणसांना सोडविण्यासाठी. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना खेड्याविषयीच्या भाबड्या भक्तीवर त्यांनी किती कठोर टीका केली, हे सर्वश्रुत आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले, त्या आत्मकथनाच्या नावातच सारे आले. ज्या शब्दावर कणेरीचे गाव उभे आहे, तोच शब्द एका लेखकाने आपल्या वाट्याला आलेल्या दुःखाचे नाव म्हणून निवडला.

आणि गांधीजींचे म्हणाल, तर अस्पृश्यता गेल्यावाचून स्वराज्याला अर्थ नाही, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. १९३३ साली त्यांनी ‘हरिजन’ साप्ताहिक काढले आणि त्याच कामासाठी देशभर दौरा केला. गांधींचे खेडे दाखवायचे, तर त्यात झाडू हातात घेतलेले गांधीही दाखवावे लागतील.

हे कोल्हापुरातच कसे विसरले जाते?

हा विसर अन्यत्र कुठे पडला असता, तर एक वेळ समजून घेता आले असते. कोल्हापुरात तो पडावा, ह्याचे दुःख अधिक. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकरीत निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढला तो ह्याच संस्थानात. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, १९१८ साली महार वतन रद्द झाले, १९१९ साली सार्वजनिक विहिरी, शाळा व दवाखाने येथे शिवाशीव पाळण्यास बंदी करणारे हुकूम निघाले. गाव जर खरोखर गुण्यागोविंदाने नांदत होते, तर ह्या हुकमांची गरज राजाला का भासली?

गंगाराम कांबळे ह्यांची हकिगत कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे. महाराजांच्या पागेत चाकरीला असलेल्या ह्या माणसाने सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला स्पर्श केला, म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामाला चहाचे दुकान घालून दिले. एवढ्यावर न थांबता त्या दुकानासमोर आपली गाडी उभी करून ते स्वतः त्याच्या हातचा चहा घेत आणि सोबतच्या उच्चवर्णीयांनाही घ्यायला लावीत. शाहूंनी निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी जी वसतिगृहे निघू दिली, त्यांत आपल्या ख्रिस्ती मुलांचेही एक होते, हे आपल्यापैकी कितीजणांच्या स्मरणात आहे? २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. तिथे महाराज स्वतः गेले आणि तरुण आंबेडकरांच्या रूपाने तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. हे माणगाव ह्याच कोल्हापूर जिल्ह्यात आहे.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात दोन पुतळे आहेत, एक महात्मा फुले ह्यांचा आणि दुसरा डॉ. आंबेडकरांचा. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने डिसेंबर १९५० मध्ये ते उभारले गेले, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच. तीनशे पुतळ्यांच्या गावात जे सांगायचे राहून गेले, ते हे दोन पुतळे भर चौकात सांगत उभे आहेत. आपल्या सहलींच्या बसगाड्या त्यांच्या शेजारून जातात. किती थांबतात?

आपण कोण आहोत?

‘हा वाद त्यांचा त्यांनी घालावा, आपल्याला काय त्याचे?’ असे कोणी विचारील. आपल्याला त्याचे फार मोठे काय आहे. महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्तसभेचा केवढा तरी भाग गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून उभा राहिला. नगर जिल्ह्यातील केंदळ, राहुरी, संगमनेर ह्या भागांत जेज्वीट मिशनरी आले, तेव्हा त्यांचे स्वागत पाटलाच्या वाड्यात झाले नाही. ज्यांना वेशीच्या आत घर नव्हते, त्यांनी त्यांना आपल्या खोपटात बोलावले. पहिल्या शाळा तिथे भरल्या, पहिला मिस्सा तिथे झाला. १९०३ साली फादर हेन्री डोअरिंग ह्यांनी केंदळहून ‘निरोप्या’ मासिक सुरू केले, ते ह्याच लेकरांच्या हाती वाचायला काहीतरी यावे म्हणून. त्यांच्या नातवंडांनी आणि पणतवंडांनी कणेरीला जावे, पुतळ्यांजवळ उभे राहून छायाचित्रे काढावीत आणि ‘किती छान होते हो जुने गाव’ असे म्हणत घरी यावे, ह्याहून मोठे विस्मरण ते कोणते?

ह्या विस्मरणाची किंमत आजही चुकती करावी लागत आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे संरक्षण हिंदूंपुरते राखले; १९५६ मध्ये ते शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना लागू झाले; ख्रिस्ती व मुसलमान दलित त्याबाहेर राहिले. धर्म बदलला की गावकूस आपोआप गळून पडते, असे त्यामागचे गृहीत. जातिभेदरहित सुखी गावाचे चित्र आणि जातिभेदरहित ख्रिस्ती समाजाचे हे गृहीत, दोन्ही एकाच मातीची आहेत. दोन्हींत भिंत दिसू दिलेली नाही.

आपल्या गव्हाणीतला कापूस

इथवर बोट दुसऱ्याकडे होते. आता ते आपल्याकडे वळविणे प्राप्त आहे, कारण शेजाऱ्याच्या शिल्पातील उणे काढण्याचा अधिकार, आपल्या शिल्पाकडे डोळे उघडून पाहील त्यालाच असतो.

नाताळात आपण जो गोठा उभारतो तो पाहा. कोल्हापूरच्या डिसेंबरात गवतावर कापसाचा बर्फ पसरलेला असतो. मेंढपाळ राजपुत्रासारखे गोंडस, पवित्र मातेच्या निळ्या झग्याला सोनेरी काठ, बाळाचे केस कुरळे आणि पिवळे. प्रसूतीची वेळ जवळ आलेल्या एका स्त्रीला गावात कोणी जागा दिली नाही, ही त्या कथेतील ठसठस त्या कापसाखाली गडप झालेली असते. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो येथे पहिली गव्हाण मांडली, तेव्हा तिथे पुतळे नव्हतेच. गवत होते, बैल आणि गाढव होते आणि मशाली घेऊन आलेले गावकरी होते. दारिद्र्यात जन्मलेला देव डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्याची इच्छा होती. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चोला जाऊन गव्हाणीविषयीच्या पत्रावर स्वाक्षरी केली. गव्हाणीत भिकाऱ्यांचे व दीनांचे पुतळे ठेवण्याची जी लोकरीत आहे, तिचा अर्थ त्यांनी त्या पत्रात उलगडला आहे: ह्या जन्माचे पहिले मानकरी तेच आहेत. आपल्या गोठ्यात तो भिकारी कुठे आहे?

आणि गोठ्याबाहेरच्या सभेत काय चालते? गोव्यातील काही कॉन्फ्रारियांतून जातीचे कप्पे फार काळ टिकले. दक्षिणेत दलितांची दफनभूमी वेगळी ठेवणारी धर्मग्रामे आहेत. वसईपासून नगरपर्यंत सोयरीक जमविताना आपण कोणते प्रश्न विचारतो, हे आपल्याला पुरते ठाऊक आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही अस्पृश्यतेचा व्यवहार आहे, ही कबुली तिला द्यावी लागली. कबुली दिली हे धाडसाचे झाले. परंतु त्या कबुलीचे एकही शिल्प, एकही चित्र आपल्या मंदिरांत दिसत नाही. मिशनऱ्यांच्या तसबिरी आपण भिंतीवर लावतो, आणि त्या लावाव्यातही. पण त्यांच्याबरोबर गावोगाव पायी हिंडणारा मराठी मास्तर, ज्याने आपल्या आजोबांना आधी धुळाक्षरे आणि मग स्वर्गीय पित्याची प्रार्थना शिकविली, त्याची तसबीर कोणत्या धर्मग्रामात आहे?

जखमेचे शिल्प

काही आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा, की जुन्या जखमा कशाला उकरायच्या? ह्याला ख्रिस्ती उत्तर एकच आहे. आपल्या प्रत्येक मंदिराच्या मध्यभागी जखमी देहाचे शिल्प आहे. पुनरुत्थित प्रभू शिष्यांपुढे आला तेव्हा त्याने आपल्या जखमा झाकल्या नाहीत. संशयी तोमाला त्याने त्या दाखविल्या, आणि त्या पाहून तोमाच्या तोंडून श्रद्धेचा उद्गार निघाला. ज्या संत तोमाला आपण भारताचा प्रेषित म्हणतो, त्याची श्रद्धा जखमेच्या दर्शनाने जागी झाली. सुंदर दिसावे म्हणून जखम पुसून टाकणारे शिल्प कोणाचेही असो, आपल्या परंपरेत ते अपुरे आहे.

दुसरा आक्षेप, की मुलांना सुंदर तेच दाखवावे. मग क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने आपण मुलांना का दाखवितो? व्हारालोच्या डोंगरावरील क्रूसारोहणाच्या प्रसंगात फटके मारणारे आहेत, टवाळी करणारे आहेत, गळ्याला गलगंड असलेला माणूसही आहे. त्या डोंगराळ मुलखात गलगंडाचा रोग होता. कलावंताने आपल्या लोकांना त्यांच्या व्याधीसकट प्रभूच्या पायाशी आणून उभे केले. लहान मुले ते पाहून घाबरत नाहीत, प्रश्न विचारतात. प्रश्न विचारणारी मुले आपल्याला हवी आहेत की नकोत?

तिसरा आक्षेप जरा नाजूक: अल्पसंख्य समाजाने दुसऱ्याच्या मठाला उणे बोलू नये, काळ बरा नाही. नम्रता आणि भय ह्यांत फरक आहे. इथे मठाच्या श्रद्धेविषयी एक अक्षर बोललेले नाही. बोलले आहे ते महाराष्ट्राच्या इतिहासाविषयी, आणि तो जितका मठाचा तितकाच आपला आहे. चोखोबा आपले, शाहू आपले, गंगाराम आपले. आपल्या घराविषयी बोलायला माणसाने परवानगी मागायची नसते.

मग काय करावे?

कणेरीला जाणाऱ्या प्रत्येक सहलीने त्याच दिवशी बिंदू चौकात थांबावे आणि शक्य असल्यास माणगावला जावे. संग्रहालयात फिरताना धर्मग्रामातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईने किंवा पुरुषाने मुलांबरोबर असावे आणि प्रत्येक पुतळ्यापाशी मुलांना दोन प्रश्न विचारावेत: हा माणूस पाणी कुठून भरीत असेल? आणि ह्याच्या घरचे पाणी कोण पीत नसेल? उत्तर ठाऊक नसेल, तर घरी जाऊन आजीला विचारा, म्हणावे.

मठाच्या चालकांना आपल्या धर्मग्रामांनी आदरपूर्वक पत्र लिहावे. तीनशे पुतळे ज्यांनी घडविले, त्यांना आणखी दोन प्रसंग अवघड नाहीत. एक, कोसळणाऱ्या गावकुसाखाली चोखामेळा. दुसरा, गंगाराम कांबळ्यांच्या दुकानापुढे गाडी थांबवून चहाची कपबशी हाती घेतलेले शाहू महाराज. पहिल्याने गावाचे सत्य दिसेल, दुसऱ्याने ते सत्य बदलता येते हे दिसेल. असे प्रसंग तिथे उभे राहिले, तर कणेरीच्या गावाची उंची कमी होणार नाही, वाढेलच. आणि तसे झाले, तर कृतज्ञतेचे पहिले पत्र आपलेच असावे.

परंतु उत्तराची वाट पाहत बसू नये. प्रभू येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, म्हणून आपणही त्याची निंदा वाहत वेशीबाहेर त्याच्याकडे जावे, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय आपल्याला सांगतो. मराठी शास्त्रातील ‘वेस’ हा शब्द वाचताना आपल्या पूर्वजांना काय वाटले असेल, ते समजायला त्यांना कोणा भाष्यकाराची गरज पडली नसेल. येत्या नाताळात आपल्या मंदिरातील गोठ्यापुढे मातीची एक बुटकी भिंत घाला. तिला वेस ठेवा. सारे गाव आत ठेवा, पाटलाच्या वाड्यासकट आणि विहिरीसकट. मग पवित्र कुटुंबाला भिंतीच्या बाहेर मांडा, आणि शेजारी हातात पाटी घेतलेल्या त्या मराठी मास्तराचा एक पुतळा ठेवा. कापूस बाजारातून आणू नका.